कोरसचा तिसरा माइक

— फिरवा हो, खुशाल फिरवा, ते बटण कशालाच जोडलेलं नाही. मुद्दाम ठेवलंय. आमच्या गायकसाहेबांच्या मेव्हण्यासाठी. दर कार्यक्रमाला इथे माझ्या डोक्यावर येऊन उभा राहतो आणि म्हणतो, आवाजात जरा गोडवा आणा. आता गोडवा काय मिक्सरमधून येतो? पण बोलायची सोय नाही — मी म्हणतो, तुम्हीच आणा. मग तो हे फिरवतो, डोळे मिटतो, मान डोलावतो — हां, आता कसं. बावीस वर्षं या सभागृहाचा साउंड सांभाळतोय, असा जाणकार कान दुसरा पाहिला नाही. लिहा, पेपरात छापा, फक्त माझं नाव घालू नका. शहरातल्या गाण्यावर लिहिताय ना? मग हेही घ्या — साहेब लाइव्ह गातात, म्हणजे तोंड लाइव्ह हलवतात. वरच्या पट्टीतलं सगळं आधीच रेकॉर्ड केलेलं. घाम मात्र खरा असतो, उगाच खोटं कशाला बोलू.

थांबा, हे दुसरं बटण दाबून स्टेजशी बोलतो — हं, ड्रमवाले, परत एकदा — बास, ठीक आहे, थांबा तिथेच सगळे — तर काय सांगत होतो? कोरस. त्या मागच्या चार मुली. चौघींचे माइक बंद. त्यांच्या पायाशी स्पीकर आहे ना, त्यात त्यांना त्यांचा आवाज सोडतो मी, म्हणून त्यांना वाटतं अख्खं सभागृह ऐकतंय. इकडे खुर्च्यांत काही येत नाही. साहेबांचा हुकूम — कोरस खणखणीत लागला की त्यांचा आवाज पातळ वाटतो. मुलींना कशाला सांगायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची.

तिसरी? तिसरी माझी मुलगी. — का, तोंड का असं केलंत? मीच साहेबांच्या हातापाया पडून चिकटवलंय तिला, आता भांडून हात दाखवून अवलक्षण करू? चौदा कार्यक्रम झाले. पहाटे उठून रियाज करते, थंड पाण्याला शिवत नाही. घरी आल्यावर विचारते, बाबा, आज कसा लागला आवाज? मी म्हणतो, झकास. गेल्या महिन्यात तिला दुसऱ्या एका हॉलवाल्यांनी एकटीनं गायला बोलावलं होतं. मीच म्हटलं, नको गं, तिथे पन्नास खुर्च्या, इथे हजार लोक तुला ऐकतात. माझ्या शब्दावर नाही म्हणाली त्यांना. — भीती वाटली हो. तिथे पडली असती तर? आणि नसती पडली तर इथे कशाला थांबली असती? चांगली गाते ती. साहेबांपेक्षा तर —

काय? कुठला लाल दिवा? — हे स्टेजशी बोलायचं बटण. मघाशी बंद केलं होतं मी. केलं होतं ना?

स्टेजवरचे सगळे इकडेच बघताहेत. ड्रमवाला तेवढा खाली बघतोय.

बोलतेय ती. माइक तोंडाशी धरून काहीतरी बोलतेय मला, आणि इथे एक शब्द येत नाही. ऐकायचं तर तिचा माइक मलाच उघडायला हवा.

तुम्ही जा आता. जा म्हणतो ना.