चीक कोणता

– अव्वा, हे काय दिलंस? ह्याला गव्हाचा वास यायलाय.

– मग चिकाला कशाचा येणार, शैला? तूच चार दिसांमागं फोनवर म्हनलीस, मी येस्तोवर चीक ठिव. गहू भिजवले, वाटले, गाळले. मला वाटलं लेक कुरडया घालायला यायली.

– अगं, म्हशीचा चीक! आपली म्हैस व्यायला झालती म्हनून सांगितलं. काल व्यालीय ना?

– आता गं बाई. तो तर सकाळीच गल्लीत वाटला. पहिला चीक घरात ठिवतात व्हय? देवापुढं वाटीभर हाय, तेवढाच.

– दे ती.

– देवाची?

– अव्वा, हा करंट मोजायचा मीटर प्रोजेक्टासाठी कॉलेजातून मागून आणलाय, उद्या गुलबर्ग्याला परत द्यायचाय. सर म्हनले अंडं घे. मी म्हनलं, आमच्या घरात अंडं आणलं तर अव्वा मला भांड्यासकट बाहेर काढंल. चिकात बी प्रोटीन असतंय, तो बी तापला की घट्ट होतो, मी चिकावरच करते. सर हसले. जमलं न्हाई तर विषय बदल म्हनले.

– हसले? कामून हसले? (वाटी पुढे करत) घे. देवाला गूळ दाखवते.

– वाटी धर. ह्या दोन तारा चिकात. आता गरम पाण्यात ठिवू. आकडा बघ.

– चार.

– चिकातल्या क्षारातून करंट जायलाय. तापंल तसा जोरात जाईल.

– पाच… सहा. पळायलाय की गं हा.

– पळू दे. मिठाच्या पाण्यात बी पळतोय.

– आठ झाले. चीक थिजला बघ, खरवस झाला.

– आता खरी गंमत हाय. थंड पाण्यात ठिव. मिठाचं पाणी गार झालं की आकडा परत हुता तिथंच येतोय. ह्याचा त्याच्या खाली गेला पाहिजे.

– सात… पाच… चार. आला की गं परत.

– थांब, अजून कोमट हाय. बोलू नको.

– …साडेतीन.

– हलतोय का?

– न्हाई. साडेतीनवरच बसलाय. चीक बी पहिल्याइतका गार झालाय.

– अव्वा! चारवर थांबला न्हाई, खाली गेला! प्रोटीन उलगडून एकमेकांत गुंतलं, करंटाची वाट अडली. कायमची!

– खरवसाचा परत चीक होत न्हाई, हे मला बी ठाऊक हाय.

– ते डोळ्यांनी, अव्वा. आज करंटानं सांगितलं.

– मग झालं ना. सरांना दाखव जा.

– एकदा आलेलं सर धरत न्हाईत. आणखी दोनदा तरी यायला पाहिजे. संध्याकाळच्या धारेचा चीक मिळंल?

– तो शेजारच्या नागव्वाला कबूल केलाय. तिच्या पोरी माहेरी आल्यात, खरवस मागून गेलीय.

– मग राहू दे. एकाच आकड्यावर बघते काय म्हनतात ते.

– राहू दे कसं? चरवी घासून ठिव. नागव्वाला सांगते, म्हशीनं लाथ मारली, सगळा सांडला.