झुमरद आपांचे सात फोटो

...आणि विहीणबाई डोळे बारीक करून विचारतात, "यात बाळ कुठलं नि उशी कुठली?" काय सांगणार, कपाळ? माझ्या नातवाच्या पाळण्याची मेजवानी, अंगणात पुलावाची कढई, आणि चाळीस फोटोंत चाळीस काळे डाग, मागची खिडकी मात्र अशी लख्ख की पडद्याची वीण मोजून घ्या! आणि दोष कुणाचा? माझाच हो.

तुम्हाला सांगते, सून सुखरूप सुटावी म्हणून मी अल्लाहला नवस बोलले होते, बाळ हाती येईपर्यंत तोंडातून खोटा शब्द काढणार नाही. आणि नेमकं तेव्हाच शेजारच्या झुमरद आपांनी कॅमेरा घ्यावा? नवरा गेल्यापासून दार लावून बसलेली बाई, पण कॅमेरा आला नि आमच्या मर्गिलान शहरभर हिंडायला लागल्या. पहिला फोटो घेऊन माझ्याकडेच आल्या, म्हणे तू नवस बोललेली, तूच खरं सांगशील. बघते तर खिडकीपुढे त्यांची जाऊ, कोळशासारखी! माझ्या वडिलांचं फोटोचं दुकान होतं, मला कळत नाही थोडंच? माणसाचं तोंड उजेडाकडे करा, एवढं एकच वाक्य... पण त्यांचे ते आशेनं भरलेले डोळे! म्हटलं, "आपा, खिडकी काय सुंदर आलीय." खोटं बोलले नाही हो मी. पण खरं तरी कुठं बोलले?

आणि आमच्यात वस्तूला छान म्हटलं की मालकानं ती देऊनच टाकायची! फोटो माझ्या हातात. पुढच्या आठवड्यात, "पडदा काय झळकतोय." तोही फोटो घरी. मग, "जर्दाळूचा मोहर बघा." असे सात झाले, काळ्या चेहऱ्यांनी भिंत भरली, आमचे हे विचारतात, घरात कुणी वारलंय का? खोटं बोलले नाही हो मी, पण खरं तरी...

मग नातू झाला. आपा म्हणाल्या, सगळे हसतात, तू एकटीच कदर करतेस, मेजवानीचे फोटो मीच काढणार. आता नाही कुठल्या तोंडानं म्हणू?

तर फोटो छापून आल्यावर विहिणींनी उशीचं विचारलं, बायका ओढणीत हसल्या, आणि आपा माझ्याकडे वळल्या. "तू सांग." नवस तर फिटला होता, आता खोटं चाललं असतं! पण तेव्हाच जीभ सरळ झाली. "आपा, चेहरे दिसत नाहीत. माणसाला खिडकीकडे तोंड करून बसवायचं असतं."

"हे आज कळलं तुला?"

"पहिल्या फोटोपासून."

रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "सात फोटो नेलेस गं." आणि चहाचा पियाला तसाच ठेवून गेल्या. त्या दिवशी नमाजात मान वर करायची सुद्धा लाज वाटली मला.

पंधरा दिवसांनी तंदूरचा ताजा नान घेऊन गेले. समोर त्यांच्या नातीचा फोटो, उजेड तोंडावर, पापणी न् पापणी दिसतेय! तोंडातून निघूनच गेलं, "आपा, हा खरंच सुंदर आलाय."

आपांनी माझ्याकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, ओढणीनं तो पुसला, पेटीत ठेवला, किल्ली फिरवली... आणि म्हणाल्या, "बस, चहा घे."

जन्मात एकदा धड खरं बोलले, तर रिकाम्या हातानं परत! पण चहा दिला हो. आमच्यात नको असलेल्या माणसाला कुणी चहाला बसवत नाही... निदान मी तरी तेच धरून चाललेय.