तिसरी खाच

जबाब देणार: इंजिन मिस्त्री, वय ५४ वर्षे, धंदा बोटींच्या इंजिनांची दुरुस्ती, राहणार धक्क्यामागच्या गल्लीत, गॅरेजच्या वरच्या खोलीत. मापाला काटेकोर म्हणून धक्क्यावर 'काटा मिस्त्री' अशी ओळख. आज मंगळवार, दुपारी ३ वाजून २० मिनिटे.

मी समक्ष ठाण्यात हजर होऊन, कोणी न बोलावता, सांगतो की, माझा धाकटा भाऊ आणि माझी मुलगी, वय २४, परवा रविवारी पहाटे पाच वाजता मासेमारीसाठी बाहेर गेले. बोट भावाची आहे. तो सुकाणू धरतो, मुलगी इंजिन सांभाळते. तिसरं कोणी बोटीवर नाही. काल सकाळी दहापर्यंत ते परत यायला हवे होते. आलेले नाहीत. प्यायचं पाणी दोन दिवसांपुरतं होतं.

काल दुपारपासून दोन शोधबोटी साठ मैलांवरच्या बाहेरच्या पट्ट्यात, जिथे ते मासे धरायला जातात, त्यांना शोधत आहेत. तिथे ते नाहीत. बंदरापासून तीस मैलांच्या आतच इंजिन बंद पडून ते तिथून वाऱ्याबरोबर दक्षिणेला सरकत असणार. हे मला का ठाऊक आहे ते खाली सांगतो. कृपया भरभर लिहून घ्यावे. साडेसहाला अंधार पडतो.

सदर बोटीचं इंजिन गेल्या महिन्यात मी पूर्ण उघडलं. चारही सिलिंडरचे बोअर, म्हणजे पिस्टन फिरतो ती भोकं, मी आणि मुलीने मिळून मोजले. प्रत्येक बोअर वर, मध्ये आणि खाली, दोन दिशांनी. असे चोवीस आकडे तिने वहीत लिहिले. तिसरा बोअर झिजून अंडाकृती झाला होता. म्हणून ब्लॉक बोअरिंगला पाठवला, मोठ्या मापाचे पिस्टन घेतले. ब्लॉकचं तोंड वाकडं होतं, तेही तिथेच घासून सपाट करून घेतलं.

तोंड घासलं की ब्लॉकची उंची कमी होते आणि पिस्टन तेवढा जास्त वर येतो. म्हणून पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो हे नव्याने मोजायचं आणि त्यावरून ब्लॉक व हेडच्या मधली गॅस्केट निवडायची. गॅस्केटच्या कडेला खाचा असतात. एक खाच पातळ, दोन मध्यम, तीन जाड. आधी मोजायचं, मग गॅस्केट मागवायची, हे मी हाताखालच्या प्रत्येकाला घसा कोरडा होईपर्यंत सांगत आलो आहे. या वेळी मीच ब्लॉक परत येण्याआधी जुन्या गॅस्केटच्या दोन खाचा बघून नवी दोन खाचांची मागवून ठेवली. भाऊ रोज दारात येऊन उभा राहत होता, म्हणून घाई केली. दुसरं कारण नाही.

ब्लॉक आल्यावर पिस्टन किती वर येतो ते मुलीने मोजलं. दोन खाचांची गॅस्केट पासष्टपर्यंत, म्हणजे मिलिमीटरच्या पासष्ट शतांशांपर्यंत, चालते. काटा बहात्तरवर गेला. ती म्हणाली, "बाबा, तीन खाचांची लागेल. किती दिवसांत येईल?" मी म्हणालो, "मागवलीय. उद्या येईल." ती मागवली असती तर यायला आठवडा लागला असता. मागवायची म्हणजे चूक कबूल करायची. मला लाज वाटली. केसाएवढ्या फरकाने काय होतंय, असं मनाला समजावलं.

दुसऱ्या दिवशी मुलगी बाजारात गेली असता मी दोन खाचांची गॅस्केट वाइसमध्ये धरून कानशीने तिसरी खाच पाडली आणि हेड बसवून बोल्ट आवळले. गॅस्केटची ती कड बाहेरून दिसते. मुलगी आल्यावर वाकून खाचा मोजणार हे मला माहीत होतं, कारण तशी सवय मीच तिला लावली आहे. तिने मोजल्या. म्हणाली, "आता बिनधास्त पळवायचं." कामाच्या कागदावर मी 'तीन खाचा' असं लिहून सही केली. त्याची एक प्रत बंदरावर जमा असते.

शनिवारी ती घरी नसताना इंजिन पूर्ण रेसवर चालवलं. चाळिसाव्या मिनिटाला, चांगलं तापल्यावर, टकटक सुरू झाली. पिस्टन व्हॉल्व्हला टेकत होता. रेस कमी केल्यावर आवाज गेला. मी दोघांना एवढंच सांगितलं, "पहिले दहा तास दमानं घ्या." भावाला दम कसला. रविवारी सहा चाळीसला त्याचं वायरलेसवर शेवटचं बोलणं झालं: "दादा, पूर्ण रेस दिलीय, घोड्यासारखं पळतंय." पंधरा मैलांपुढे तो वायरलेस लागत नाही. तेव्हापासून पूर्ण रेसवर ते इंजिन अडीच तासांच्या वर टिकणं शक्य नाही. बोट तासाला सात मैल जाते.

काल दिवसभर मी धक्क्यावर सगळ्यांबरोबर उभा होतो आणि गप्प होतो. येतील असं वाटत होतं. आज दुपारी एक वाजता बंदर अधिकाऱ्यांना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याच सहीचा कागद पुढे केला. म्हणाले, "इथे तीन खाचा लिहिलंय. मुलीपायी तुम्ही काहीही बोलाल. बोटी अशा फिरवता येत नाहीत. पोलिसांसमोर लेखी द्या, मग बघतो." माझी भावजय तिथेच बसलेली होती. ती म्हणाली, "भाऊजी, काल का नाही बोललात?" मी उठून इकडे आलो.

माझ्यावर जो गुन्हा लागत असेल तो लावावा. कोठडीत टाका, पण हा कागद आधी बंदरावर पोचवा.

हवालदारांनी विचारलं की, शोधबोटी दोनच आहेत. त्या तुमच्या शब्दावर मागे बोलावल्या आणि माणसं खरोखर बाहेरच्या पट्ट्यातच असली, तर त्यांच्यापर्यंत कोणीच पोचणार नाही. तुमची खात्री आहे का?

मी सांगितलं की, बहात्तर हा आकडा मी मोजलेला असता तर खात्री दिली नसती. तो माझ्या मुलीने मोजलेला आहे.

माझा जबाब मला वाचून दाखवू नका, वेळ जातोय, असं मी दोनदा म्हणालो. नियमाप्रमाणे तो अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवण्यात आला. तो खरा आहे. वेळ ४ वाजून १० मिनिटे.