वायफाय भायेरच्या खोलीत

आता तुम्हीच सांगा, त्या वायफायला काय म्हणावं? घरात आलंय, डबा भिंतीवर हाय, हिरवे दिवे लुकलुक करायलेत, आन् ज्या माणसासाठी घेतलं त्याच्या खोलीत काय त्ये पाऊल ठिवना. तुम्हाला सांगतो, राजेश्वर गावात माझ्या घराला लागूनच किशनरावचं घर. ऐकायची हौस न्हाई मला, पण त्यांची बायको राजूबाई फोनवर बोलती म्हंजे सगळ्या गल्लीसंगं बोलती. "व्यंकट, दिसायलाव का रं आमी?... अवो, त्यो थांबलाय... तोंड उघडं ठिवूनच थांबलाय बगा..." आन् मग एक उसासा, आन् रोजचंच वाक्य, "गोल फिरायलंय."

किशनरावला तुरीच्या राशीच्या टायमाला लकवा मारला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. बोलतेत, न्हाई असं न्हाई, पण साध्या फोनवर त्यांचं बोलणं म्हंजे नुसती घरघर, समोरच्याला वाटावं रेडिओ बिघडलाय. तोंडाकडं बघितलं तरच कळतंय का माणूस 'जेवलास का' म्हणायलाय. आन् पोरगा, व्यंकट, बेंगळूरला कंपनीत. त्यानंच तिकडून बुक केलं, "आई, फायबर हाय फायबर, अप्पा समोर बसल्यागत दिसतेल मला." राजूबाईनं पहिल्या दिवशी नवऱ्याची दाढी करून घेतली, धुतलेली बंडी घातली, टोपी घातली, फोन उशीला टेकवला. व्यंकटचं कपाळ आलं. नुसतं कपाळ. डोळे यायच्या आधी गोल फिराया लागलं. आन् किशनराव त्या गोलालाच इचारायलेत, जेवलास का, जेवलास का. बाई पदर तोंडाला लावून आधी हसली, मग हसता हसताच रडली.

वायफायवाला गुरुबसव आला. भला माणूस, पण बोलतो असा का आपलंच काय तरी चुकलंय. "अक्का, डबा भायेरच्या खोलीत, पेशंट आतल्या खोलीत, मधी ह्ये भिंत. भिंत न्हाई अक्का, किल्ला हाय." मग भोक पाड म्हणली ती. त्यानं मशीन लावलं, घर्रर्र... दगडात सुईच मोडली, आन् पल्याडच्या कोनाड्यातल्या देवांवर सगळा भुगा. "अरं, देवाच्या पाठीत भोक पाडतूस व्हय?" म्हणून राजूबाईनं मशीनचं बटनच बंद केलं. वायर वळवून आत न्यायची म्हणलं तर म्हणतो, वायरीत काच असती अक्का, वळवली का मोडती, तक्रार वर टाकतो. वर कुठं, ते कुणाला ठाव? फोन लावला का एक बाई म्हणती कन्नडसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन दाबा, मराठीला दाबायला काय ठिवलेलंच न्हाई. लागला एकदा. पोरगं म्हणतंय, "मॅडम, हमारे यहाँ तो फुल स्पीड दिखा रहा है." राजूबाई म्हणली, "तुमारे यहाँ दिखरा तो मरद कू तुमारे यहाँ लाके सुलाऊं क्या?" त्यानं धन्यवाद म्हणून ठिवून दिला.

जाता जाता गुरुबसव म्हणला, "अक्का, एक बोलू का? बाज भायेर घ्या की. डब्याच्या खाली. चकाचक दिसंल." त्याचं काय चुकलं न्हाई, पण आमच्याकडं आजाऱ्याची बाज आतून भायेरच्या खोलीत आली का लोक समजतेत, झालं, आता आटपलं. राजूबाईच्या सासूची बाज भायेर आणली, सासू गेली. दिराची आणली, दीर गेला. भायेर आलेली बाज माणसासकट परत आत गेली, असं त्या घरानं कधी बघितलेलंच न्हाई. "न्हाई आलं नेट तर न्हाई येऊ दे," म्हणली, "कुंकू पुसून मला व्हिडिओ नको."

पण किशनराव काय ऐकतेत का! डाव्या हातानं बाज बडवली, दाराकडं बोट केलं, "भा... येर." ही म्हणली न्हाई. त्यांनी ताट सारलं. दुसऱ्या दिवशीबी सारलं. शेवटी बाईनं मला आन् समोरच्या घरातल्या मल्लिकार्जुनला हाक मारली, आमी दोघांनी बाज उचलून डब्याखाली ठिवली, आन् ती उंबऱ्यात पाठ करून उभी ऱ्हायली. फोन लागला. अन् काय सांगू तुम्हाला, व्यंकट अख्खा आला. चष्मा लागलाय, कानाजवळ केस पांढरे झालेत, बापाला ह्ये म्हाईतच न्हवतं. किशनराव म्हणले, "जेवलास का?" आन् पोराला कळलं. "जेवलो अप्पा." मी डोळे पुसले, खोटं कामून बोलू.

पण दार उघडं ना! पल्याडची निलम्मा रस्त्यानं जायली होती, तिनं भायेरच्या खोलीत बाज बघितली, डोक्यावरचं गवत टाकलं आन् उंबऱ्यावर बसून हंबरडाच फोडला. घटकाभरात गल्ली गोळा. आळंदहून किशनरावची बहीण जीपमधी बसली म्हणून निरोप आला. एकजण तर हारच घेऊन आला, किशनराव त्याच्याकडं टकामका बघायलेत. आता माणसं बसलीत, आन् माणूस जायला टाईम लावायलाय, तर लोक करतील काय? एकानं हळूच इचारलं, "वैनी, पासवर्ड काय हाय वो?" त्यानं दुसऱ्याला सांगितला, दुसऱ्यानं ओसरीला सांगितला. अख्खी मयत वायफायवर. आन् मग काय... गोल फिरायलंय. तिकडं व्यंकटला काय दिसावं? बापाचं तोंड उघडं, डोळे थांबलेले, आन् मागं निलम्माचं रडणं. एवढं दाखवलं आन् फोन बंद पडला. पोरगं चप्पल न्हाई बघितलं, मिळंल त्या गाडीत बसलं.

आलं तर बाप बशीतून चहा पियायला. पायावर पडून असं रडलं लेकरू, का हारवालासुद्धा रडला. आता तुम्ही म्हणाल, चला, गोड झालं. थांबा. कंपनी म्हणली, बाप हाय ना जित्ता? मग रजा कशाची, घरूनच काम करा. व्यंकटनं भायेरच्या खोलीत टेबल मांडलं, डब्याखाली, कारण नेट तिथंच. कानात यंत्र, समोर लॅपटॉप, दिवसभर यस सर, यस सर. तिसऱ्या दिवशी म्हणतो, "आई, अप्पांचा खोकला मीटिंगमधी ऐकू जायलाय."

मग बाज आत गेली. मीच उचलली एका अंगानं. आन् राजूबाईला काय आनंद, का भायेर आलेली बाज माणसासकट आत गेली. गल्लीत साखर वाटली तिनं. पुढचं तिला चार दिसांनी कळलं. बाप आत, पोरगा भायेर, मधी ती भिंत. पोराचं ताट टेबलावर जायलंय, बापाचं बाजेवर. पोरगं दिवसातून एकदा दारातून मान घालतंय, "बरं हाय ना अप्पा?" आन् अप्पांचा 'जे' निघायच्या आधी मान गायब. एक दिवस किशनरावनं सोताच टोपी घातली, वाकडी, आन् बायकोला म्हणले, "व्यं... कटला फोन लाव." "अवो, भायेरच बसलाय त्यो." "म्हाईत हाय. फोन लाव."

लावला तिनं, उशीला टेकवून. भायेर वाजला, मला माझ्या घरात ऐकू आला. कट झाला. परत लावला, परत कट. किशनराव तसेच बघायलेत, टोपी घालून. राजूबाईनं फोन आपल्याकडं वळवला, जरा येळ बघितल्यासारखं केलं आन् म्हणली, "गोल फिरायलंय वो." त्यांनी मान डोलावली. पटलं त्यांना.

परवा गुरुबसव आला, नवा छोटा डबा घेऊन, खूश. "अक्का, तुमची तक्रार पास झाली. ह्यो आतल्या खोलीत लावतो, भिंत असू न्हाईतर काय बी असू, फुल येतंय." राजूबाईनं त्याला बसवलं, चहा दिला, आन् त्यो डबा उचलून परत त्याच्याच पिशवीत घातला. म्हणली, "ऱ्हाऊ दे बाबा. आत फुल यायलं तर मी ह्यांना काय सांगू?"