कोण कोण्या घरात

विद्यापीठाच्या नामांतरावरून जाळपोळ झाली त्या वर्षी मानवतच्या एसटी स्टँडवर माझ्या मागच्या बाकड्यावर दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

“गोजरबाई, तुमी पाच जणी बौद्धवाड्यात निजायला गेलता म्हणं?”

“गेलतो. गावात वरडून सांगून गेलतो. कोण कोण्या घरात, तेवढं सांगितलं न्हाई.”

“का बरं?”

“सांगितलं असतं तर आमी निजलो ती पाच घरं सोडून बाकीची पेटवली असती, कडूबाई.”

“मंग, आले का जाळायला?”

“आले. आपलीच पोरं, तोंडं बांधून. गल्लीत उभं राहून एकेक जण हळूच हाका मारायला लागला. माय, कुठं हायस? माय, बाहीर ये.”

“अगं बाई!”

“कुणीच ओ दिली न्हाई. एकीनं दिली असती तर तिचं घर कळलं असतं.”

“तुमचा भुजंग व्हता त्यात?”

“लय येळ हाका मारल्या त्यानं. म्या पदर तोंडात कोंबला. मंग गेले समदे.”

“आन सकाळी?”

“म्या घरी गेले. त्यानंच च्या करून दिला. कपाला राकेलचा वास येत व्हता.”

“मंग काय बोलल्या तुमी?”

“काई न्हाई. पिले.”