शेठचं घड्याळ

“हॅलो? … हॅलो, कोण? … हो हो, मीच. बोला… अहो, जरा मोठ्यानं बोला, इथं यंत्र चालू आहे.”

ती कवळ्या बनवायच्या कारखान्यात कामाला होती. कारखाना म्हणायचं आपलं. दोन खोल्या, एक मालक, एक घासायचं यंत्र आणि भिंतीला लागून फळ्यांवर मांडलेले परक्या लोकांच्या हिरड्यांचे प्लास्टरचे साचे. दिवसभर इतक्या जणांचे दात बघायचे, पण त्यातलं एकही तोंड तिच्याशी बोलायचं नाही. आवाज ओळखल्याबरोबर तिनं हातातली कवळी खाली ठेवली आणि फोन दुसऱ्या कानाला लावला. तो कान जरा बरा होता.

“घड्याळ ना? … आहे की. … वेळेवर, अगदी वेळेवर. … हो, सकाळी आठ म्हणजे आठ. … बरं आहे सगळं. तुम्ही कशा आहात? … खोकला गेला का?”

घड्याळ म्हणजे घड्याळ नव्हतंच मुळी. तिचा धाकटा भाऊ बावीस वर्षं नशेची सुई घेत होता, आणि कधीतरी कुणाची तरी वापरलेली सुई टोचून घेताना त्याला एचआयव्ही लागला होता. नव्या सुया द्यायच्या, रक्त तपासायचं आणि रोजची गोळी हातात ठेवायची, हे काम करणारं एक केंद्र होतं. तिथली ही मुलगी दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी गोळीची चौकशी करायला फोन करायची. फोन कुणाच्या हातात असेल सांगता येत नाही, म्हणून आजाराचं, गोळीचं, केंद्राचं नाव फोनवर काढायचं नाही असा त्यांचा नियम होता. ज्यानं त्यानं आपापला शब्द ठरवायचा. एकानं म्हणे कोंबडी ठरवली होती, आणि त्या मुलीला दर महिन्याला गंभीर आवाजात ‘कोंबडी दाणे टिपते ना’ असं विचारावं लागायचं. भावानं घड्याळ घेतलं. आयुष्यात मनगटावर आलेली तिन्ही घड्याळं सुईपायी विकून मोकळा झालेला माणूस तो! खिसा कायम फाटका, म्हणून केंद्रात सगळे त्याला शेठ म्हणायचे.

आणि शेठ जाऊन दहा आठवडे झाले होते.

मागच्या दोन्ही वेळी ती ‘वेळेवर’ म्हणाली होती. खोटं बोलायची तिला काही हौस नव्हती. पण त्याला पोचवायला चार माणसं आली होती, त्यातली दोघं चुकून, आणि दुसऱ्या दिवसापासून शेजारच्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला होता. तो कसा आहे असं विचारणारं जगात एकच माणूस उरलं होतं. ते माणूसही तिनं खरं सांगितलं की गेलंच. एवढा साधा हिशेब होता.

“काय म्हणालात? … हो, संपत आली असेल. तीन महिन्यांची चावी दिली होती ना तुम्ही. … मी येते की घ्यायला. … नाही चालत? … घड्याळच आणायला हवं. … तपासायचंय. … या आठवड्यातच? … पुढच्या महिन्यात नाही का जमणार? … नाही, कामात म्हणजे… हं. … हं. …”

मालकांनी यंत्र बंद केलं आणि डोळ्यावरचा चष्मा कपाळावर चढवून तिच्याकडे बघितलं.

“काही नाही हो, आमचे मालक विचारतायत, एवढं दुरुस्त करण्यापेक्षा नवंच का नाही घेत. … हो ना! हौस एकेकाची. …”

मालक स्वतःच्याच विनोदावर हसले. भाऊ झटक्यानं गेला एवढंच त्यांना ठाऊक होतं. तीही थोडं हसली, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की आज काही सुटका नाही.

“ऐका ना… ते घड्याळ… बंद पडलंय. … हो. … नाही, मागेपुढे झालं नाही, बंदच पडलंय. … झाले की दहा आठवडे. … रागावू नका हो. … हो, मी वेळेवर म्हटलं होतं. दोन्ही वेळा. खोटं बोलले. … अहो नाही चालू होणार आता. … माहितीये मला, पुष्कळांचं मध्येच बंद पडतं आणि परत सुरू होतं, पण… अहो पण माझं ऐका तरी! … काय घेऊन येऊ? आणण्यासारखं काही… थांबा. एक मिनिट थांबा, ठेवू नका हं. मालक, जरा आलेच.”

जिन्यात उजेड कमी होता आणि सगळीकडे प्लास्टरची पांढरी पावलं उमटलेली होती. ती तिसऱ्या पायरीवर बसली.

“हं, बोलते. इथं कुणी नाही. … ते घड्याळ राहू दे आता. भावाचं बोलतेय. तो गेला. … कुठं म्हणजे? … नाही, त्या मित्राकडे नाही. … नाही हो, व्यसन सोडवायच्या केंद्रातही नाही. … परत कसला येतोय! … तसा गेला नाही. गेला म्हणजे… गेला.”

आता यात त्या मुलीची तरी काय चूक? हा पठ्ठ्या आजवर अकरा वेळा गेला होता. कधी आठवड्यानं, कधी वर्षानं, एकदा तर दुसऱ्याचेच बूट घालून परत आला होता. प्रत्येक वेळी बहिणीनं ‘गेला हो’ म्हणून फोन केला होता आणि मुलीनं धीर दिला होता, येईल, ताई, येतात. आजही ती तोच धीर देत होती, इतक्या मनापासून की ऐकवेना.

“अहो, मेला तो! … … हसताय काय? … हो, म्हणते मी तसं. नेहमीच म्हणते. ‘मेला कुठं उलथलाय बघा.’ तुमच्या टेबलासमोर उभी राहून म्हटलंय. … शिवी नाही देत मी त्याला. … बाई गं, आज शिवी नाही देत.”

तो चार वर्षांचा असल्यापासून ती त्याला मेल्या म्हणत आली होती. मेल्या, जेवलास का. मेल्या, दिवा घालव. लाडही त्याच शब्दात झाले आणि भांडणंही. खरोखरीचं मरण आलं तेव्हा त्याच्यासाठी वेगळा शब्द तिच्याकडे शिल्लकच नव्हता.

“हो. … हो, जिवंत नाही तो. … रविवारी. दुपारी. … नाही! आजारानं नाही. ते आधी लिहून घ्या, माझ्यासमोर लिहा. … शेवटच्या तपासणीत रक्तात विषाणू सापडला नव्हता. तुम्हीच कागद दाखवलात, तेव्हा नाचला नव्हता का तो तिथल्या तिथं? … दोन वर्षांत एक गोळी चुकली नाही. त्या दिवशी सकाळचीसुद्धा घेतली होती. मी नंतर डबी उघडून बघितली ना. … सुईनं गेला. … सात महिने हात लावला नव्हता. कुणीतरी जुना भेटला असेल, काय माहीत. एकदाच घेतली असणार. … हो, तेच. जुनंच माप घेतलं त्यानं. … पूर्वी पचायचं, आता अंगाला सवय राहिली नव्हती. … माहीत कसं नव्हतं? तुमच्या भिंतीवर तक्ता आहे, तो त्याला पाठ होता. नव्या पोरांना हाच सांगायचा, सोडून परत घेतलीत तर जुन्या मापानं घेऊ नका, मराल. … हो. तोच.”

मग पलीकडून प्रश्न आला. तो येणार हे तिला दहा आठवडे ठाऊक होतं. खरं तर गप्प बसायचं निम्मं कारण तोच प्रश्न होता.

केंद्र घरच्यांना एक फवारा द्यायचं, उतारा म्हणून. सुई जास्त झाली, श्वास अडकला, तर नाकात मारायचा, की माणूस माघारी येतो. तिच्या घरी तो चार वर्षं खिडकीत ठेवलेला होता. पाच महिन्यांपूर्वी तो तिनंच केंद्रात नेऊन परत दिला. आता आमच्याकडे लागत नाही, ज्याला लागतो त्याला द्या, असं ती ऐटीत म्हणाली, आणि भाऊ शेजारी उभा राहून लाजला. मुलीनं टाळ्या वाजवल्या होत्या. विश्वासानं केलेली चूक होती ती, दोघींनी मिळून केलेली.

“… नव्हता घरात. … आठवतंय ना? … हो, मीच. … तुम्ही म्हणालात, ताई, आज फार बरं वाटलं. … मलाही वाटलं होतं हो. … हॅलो? … आहात ना? … रडताय का? … अगं, नको रडू. अगं ऐक ना… मी दिला म्हणून तू घेतलास. तुझ्या हातात काय होतं? … माझ्या? माझे हात तर पिठात होते त्या दुपारी. न्हाणीत नळ चालू होता, मला वाटलं अंघोळ चाललीये. मग फार वेळ झाला म्हणून कोपरानं दार ठोठावलं. … दोनदा. … म्हटलं, मेल्या, आत झोपलास का? … … हेच शेवटचं बोलले मी त्याच्याशी.”

हे तिनं अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगायला होतंच कोण?

“पूस डोळे. … हं. … कार्ड बंद करावं लागेल, हो, कर की. … तारीख सांगते ना, लिही. … कारण लिहिलंस? वाचून दाखव. … हं. बरोबर. … मग हा नंबर? … यादीतून जाणार. … नाही, नाही, बरोबरच आहे. … मला कशाला करायचा फोन? मला काय झालंय? … किती जण असतात गं तुझ्या यादीत? … आणि या वर्षात गेले? … नऊ! … त्यातले आजारानं? … दोनच. बाकीचे सगळे असे. … आणि त्या सगळ्या घरांशी तू एकटीच बोललीस? … अगं, तुझ्याशी कोण बोलतं मग?”

वरून मालकांनी हाक मारली. गिऱ्हाईक येऊन बसलं होतं.

“आले, मालक! … तुला नाही गं. … बोलावतायत. … तुला आज आणखी किती फोन करायचेत? … अकरा. मग कर ना, ताटकळले असतील. … हो, जेवते. … एकटीच असते घरी, आणखी कोण असणार? … होईल सवय. … ठेव आता. … अगं, आधी तू ठेव. … तू ठेव ना. मला नाही ठेवता येत.”

तिकडूनही फोन ठेवला गेला नाही. एरवीचं चार मिनिटांचं बोलणं आज एकोणीस मिनिटांवर गेलं होतं. तिकडच्या खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली ती हिला ऐकू आली.

“आहेस ना? … हं. … मीही आहे. … … हॅलो? … हॅलो?”

लाइन तुटली होती. परत फोन लावावा असं तिच्या फार मनात आलं. पण त्या अकरा घरांत आज विचारलं तर ‘हो, आहे’ म्हणणारं कुणीतरी होतं. म्हणून तिनं लावला नाही.