हाताचं बटण

रंजना : परत दाबलंस ना फोनवरून? नाय झाली मोटर चालू. मी सांगते ना तुषार, ह्या सूर्यमाळच्या वाऱ्यात तुमची ती यंत्रं चालायची नायत.

तुषार : वाऱ्याचा काय संबंध, ताई? साहेबांनी तिकडे ठाण्याच्या घरी बसून फोनवर बटण दाबलं, की इथे त्यांच्या बंगल्याच्या हॉलमधल्या त्या डब्यापर्यंत नेटवरून सिग्नल येतो. तिथून पुढे बंगल्यातल्या विजेच्या तारेतूनच तो पंपापर्यंत जातो. म्हणजे तारेतच कुठेतरी त्याचा दम जातोय.

रंजना : मंग तार बदल नि जा घरी.

तुषार : तार चांगली आहे. डबा उचलून पंपाच्या खोलीत लावला तर पहिल्या फटक्यात मोटर सुरू. हॉलमध्ये लावला की ढिम्म. वाटेत कोणीतरी सिग्नल खातंय. आता एकेक खोलीची लाइन बंद पाडून बघतो. तू दारात उभी राहा नि मोटर चालली की सांग.

रंजना : माझ्या भाकऱ्या राहिल्यात.

तुषार : मग करशील. किचन पाडलं. चालली?

रंजना : नाय.

तुषार : वरच्या खोल्या?

रंजना : नाय.

तुषार : हा व्हरांडा.

(पंपाच्या खोलीतून मोटरचा आवाज येऊ लागतो.)

तुषार : बोल ना, ताई.

रंजना : तुला कान आहेत ना?

तुषार : व्हरांड्यात काय आहे एवढं? हा बोर्ड कोणी लावला? आणि हे चार्जर कुणाचे?

रंजना : पाड्याचे. सोम्याचा, लक्ष्याचा, माघीचा. पाड्यावर लाइट टिकते कुठं? इथं फोन लावतात नि पाणी भरून जातात.

तुषार : फोन तर एकही दिसत नाही. नुसते चार्जर खोचून ठेवलेत. हेच सिग्नल खातात, फोन असो नसो.

रंजना : राहिले असतील काढायचे.

तुषार : तुला ठाऊक होतं.

रंजना : होळीला कळलं. पाड्यावर लाइट नव्हती, सगळ्यांनी इथं फोन लावले. साहेब ठाण्यातून बटण दाबून दाबून दमला. मंग मला म्हणाला, रंजना, जरा हातानं चालू कर. मी केली. टाकी भरली नि कुंपणाच्या नळाला पाणी सोडलं. तवापासून चार्जर काढून देत नाय मी कुणाला, म्हणजे मोटर माझ्याच हाती राहते.

तुषार : साहेबांना कळलं तर एका दिवसात कामावरून काढतील तुला.

रंजना : काढू दे. तू काय करणार ते बोल.

तुषार : हा फिल्टर बघ. बोर्डाच्या आधी बसवला की चार्जर कितीही असू देत, सिग्नलला धक्का लागत नाही. लोकांचे फोन चालू राहतील. साहेबांना सांगतो, बोर्ड खराब होता. तुझं नाव येणार नाही.

रंजना : नि पंपाचं हाताचं बटण?

तुषार : ते काय?

रंजना : सकाळी फोनवर तू हो हो करत होतास, ते ऐकलं मी. सिग्नल नीट झाला की हाताचं बटण काढून टाक म्हणाला ना?

तुषार : मागच्या मे महिन्यात बोअर कोरडी पडली तरी मोटर चालूच राहिली. जळली. नवीन त्यांनीच आणली ना? आता पाणी किती आहे ते त्यांना फोनवर दिसेल, तेवढीच चालवतील. त्यांचंही काही चूक नाही.

रंजना : बोअर कुठं मारायची ते दाखवलं कुणी त्यांना?

तुषार : ताई, ते आता नको काढूस.

रंजना : काढणार. दोन ठिकाणी भोकं पाडली, नुसती धूळ निघाली. मंग आपल्या बाबाला बोलवायला आला. बाबा तळहातावर नारळ आडवा धरून सगळं रान फिरला, नि इथं येऊन नारळ उभा राहिला. साहेबानं पैसे पुढं केले. बाबानं हात मागं घेतला. पाणी दाखवायचे पैसे घेतले की हात आंधळा होतो म्हणाला. उन्हाळ्याचं पाड्याला पाणी देशील, एवढंच बोल. साहेब देतो बोलला. तू तिथंच उभा होतास.

तुषार : साहेब आजही नाही म्हणत नाहीत. पाणी लागलं की फोन करा, इथून सोडतो, म्हणाले.

रंजना : म्हणजे रोज मागायचं. शब्द दिला ते मागावं लागत नाय, तुषार. मागून मिळते ती भीक.

तुषार : मी नाही केलं तर नाशिकहून दुसरा वायरमन येईल. तो बटण काढेलच, वर तुझे चार्जरही दाखवून देईल.

रंजना : येऊ दे. त्याला मी तोंड भरून शिव्या देईन. तुला देता येत नायत.

तुषार : पलीकडच्या माळावर अजून बंगले होतायत. सगळं वायरिंग साहेब मला देणार आहेत. घरात हर्षदाचं शिवणकाम बंद पडलंय, आमच्या पोरीची शाळा आहे. मला हौस आली आहे का?

रंजना : जव्हारात तुझ्या घरी नळ आहे ना?

तुषार : एक दिवसाआड येतं पाणी.

रंजना : येतं ना?

तुषार : तो पेचकस दे इकडे. माझ्याशी भांडून बोअरचं पाणी वाढणार नाही.

रंजना : घे. तुझ्या हातानं होऊ दे.

तुषार : हॅलो, साहेब. हो, झालं. दाबा आता. चालू. बंद करा. झाली बंद. नाही, विशेष काही नाही, व्हरांड्यातला एक बोर्ड खराब होता. हो, हाताचं बटण काढलं, वायरी टेप केल्या. माझ्या फोनमधूनही काढून टाकलंय, तुम्ही पासवर्ड बदला. हो, ताई इथेच आहे. ताई, साहेब म्हणतायत, आता तुला उन्हातान्हात पंपाकडे पळायला नको.

रंजना : बरं झालं म्हणावं.

तुषार : बरं झालं म्हणते, साहेब. हो, मीटिंग करा तुम्ही. ठेवतो.

रंजना : गाडीला किक मारू नकोस इतक्यात. बायका हंडे घेऊन निघाल्यात.

तुषार : साहेब आता संध्याकाळपर्यंत फोन घेणार नाहीत. तू सांग ना त्यांना, उद्या या म्हणून.

रंजना : मी नाय सांगायची. केलंस तू.

तुषार : आई आहे त्यांच्यात?

रंजना : पुढंच आहे.

आई : तुषार आला काय? कवा आलास रं बाबा? ए पारू, चल बिगीबिगी, आज वायरमन घरचाच आहे, पाणी काय अडायचं नाय.